निरोपाचं पद गाळायचं ठरलं होतं

गिरगाव, रविवार, ८ एप्रिल १९५६

कालिंदी,

आशीर्वाद शेवटी लिहीन, आधी कामाचं. मनू माझ्याकडे आहे. जिवंत आहे, दोन वेळा जेवतो आहे. आता खाली बस आणि पुढचं वाच.

हे पत्र पास्कलची व्हायोलेट घेऊन येते आहे. पास्कल म्हणजे आपल्या मागच्या वाडीतला व्हायोलिनवाला, आठवेल तुला. तिची थोरली बहीण विल्मा सुरतेत तुमच्याच आळीत दिलेली आहे, तिच्या बाळंतपणाला ही चालली. पुढची पत्रंही मी विल्माच्या पत्त्यावर टाकीन. तुझ्या यजमानांच्या हाती यातला एक कागद पडता कामा नये. मामलेदार माणूस, सरकारचं मीठ. "पोलिसांत हजर हो, नाहीतर माझ्या घरात पाऊल टाकू नकोस" असं त्यांनी पोराला लिहिलं ते मी वाचलं. तो कागद त्याच्या खिशात घामाने भिजून लगदा झाला होता. मी चुलीत घातला. हाही तू घाल.

अकरा वर्षं आपण एकमेकींना ओळ लिहिली नाही. बाबा गेले तेव्हा तू आली नाहीस. मी तेव्हा जे बोलले ते परत घेत नाही. पण आत्ता तो विषय नाही.

झालं असं. जानेवारीत गोळीबार चालला होता तेव्हा आमच्या नाक्यावर ट्राम पेटली. मनू तिथे होता. "तू पेटवलीस का?" मी विचारलं. "नाही गं मावशी, मी एकाला उचलत होतो." कोणाला म्हटलं तर गप्प. मला एवढं पुरलं. पोलिसांना पुरत नाही, त्यांच्याकडे त्याचा कॉलेजातला फोटो आहे. दोन महिने काळाचौकीला गिरणीतल्या पोरांच्या खोलीत पाळीपाळीने झोपत होता. तिथे धाड आली. होळीनंतर एका दुपारी माझ्या दारात उभा. एका पायात चप्पल, दुसऱ्या पायात कुणाचा तरी बूट.

माळ्यावर ठेवला आहे, पाण्याच्या पिंपामागे. गल्लीच्या दोन्ही तोंडांना पहारा बसला आहे. आत येणाऱ्याला हटकत नाहीत, बाहेर जाणाऱ्याला धरून तोंड बघतात. म्हणजे कुणीतरी बोललं आहे की तो याच गल्लीत शिरला. रोज एकेक चाळ तपासतात. काल बाजूची झाली.

मी काही घाबरणारी बाई नाही, तुला ठाऊक आहे. पण काल आमटीत मीठ दोनदा पडलं. आणि जिन्यावर कोण चढतंय ते पावलावरून ओळखायला लागले आहे, हे काही चांगलं लक्षण नव्हे.

कागद संपला.

सुमती


रविवार, १५ एप्रिल

कालिंदी,

आमची चाळ अजून तपासली नाही. का तपासत नाहीत याची जास्त भीती वाटते.

पास्कलने एक वाट काढली आहे. ऐकून मी त्याला वेड्यात काढला, पण दुसरी वाट कुणाकडे नाही.

रामनवमीचं नाटक यंदाही होणार. चौकातच, तेच जुनं किल्लेदाराचं नाटक, ज्यात बाबा गायचे. मला विचारशील तर पाच मिनिटांची गोष्ट, पदं घालून रात्रभर लांबवलेली. तरुण सरदार लढाईला निघतो, आईचा निरोप घेतो, मरतो. सगळ्यांना पाठ आणि तरी सगळ्यांना बघायचं. यंदा पोलिसांनी परवानगी दिली ती दुपारी तीन ते संध्याकाळी सात. वर काम करणाऱ्यांची नावं लिहून मागितली. नाटक झालं की भाड्याचे कपडे आणि पडदे त्याच संध्याकाळी लालबागला परत न्यायचे असतात. हातगाडी ही पोरंच ढकलत नेतात. इन्स्पेक्टर म्हणाला, यादीतली माणसं तेवढी गाडीबरोबर सोडीन.

आता सरदाराच्या कामाला यादीत नाव आहे जयवंतचं. तिसऱ्या मजल्यावरचा, पोस्टात आहे तो. चांगले गाणारे दोघे सत्याग्रहात आत आहेत म्हणून याला घेतला. उंचीला आपल्या मनूएवढा. पोर कबूल झालं की त्या दिवशी मी पास्कलच्या खोलीत कडी लावून बसतो, माझ्या नावाने मनूला उभा करा.

मी म्हटलं, "पोलिसांपासून लपवायचं तर पोलिसांच्या पुढ्यात उभा करायचा, हे कुठलं शहाणपण?"

पास्कल म्हणाला, "सुमतीबाय, चार तास जो माणूस जयवंत म्हणून बघितला, त्याला गाडीबरोबर जाताना नाव कोण विचारणार? तोंडाला रंग, ओठावर मिशी. फोटोत मिशी नाय."

लालबागहून रे रोडला. तिथे लाकडाच्या वखारीमागे पास्कलच्या मेव्हण्याचा पडाव, म्हणजे शिडाची होडी, लागतो. त्यातून उत्तन. तिथे त्यांची सगळी वस्ती आहे, कोळ्यांत एक पोर जास्त झालं तर कुणी मोजत नाही.

एकच गोम आहे. जयवंत गातो म्हणजे कुणी डाळीत खडे चावतंय असं वाटतं. सगळ्या चाळीला माहीत आहे. त्याने एकाएकी सुरात गायचं म्हणजे बोंब. म्हणून पदं गाळायची ठरली. वेळेचं निमित्त पोलिसांनीच दिलं आहे. निरोपाचं पद तर मुळीच नाही. दोन वाक्यं बोलायची, आईच्या पाया पडायचं, निघायचं.

हे आम्हा पाच जणांनाच ठाऊक आहे. मी, मनू, पास्कल, जयवंत आणि हेरंब. हेरंब मंडळाचा सेक्रेटरी, नाटकात आईचं काम तोच करतो. अप्पांना सांगितलं नाही. कोपऱ्यातल्या खोलीतले, बाबांचे दोस्त. डोळे पार गेले त्यांचे, पण कान असे की खालच्या नळावर कुणाची कळशी भरते आहे ते वरून सांगतात. पेटी बिघडली, तंबोरा लागेना, की गिरगावातली पोरं त्यांच्याकडे येतात. पण तोंडात तीळ भिजत नाही. त्यांना सांगणं म्हणजे ठाकुरद्वारच्या नाक्यावर पाटी लावणं.

मनू माळ्यावर आपल्या वाक्यांची नक्कल पाठ करतो आहे. हसतो आहे वर. मी पळीने फळी ठोकते.

सुमती


शुक्रवार, २० एप्रिल

कालिंदी,

तुझी चिठ्ठी पोचली. "मी येते" म्हणे. यायचं नाही. सुरतेची मामलेदारीण अकरा वर्षांनी बहिणीच्या चाळीत उतरली तर पोलिसांना तरी दुसरा कुठला पुरावा लागेल? बस तिथे.

आणि अखेरीला विचारतेस, "तो अजून गातो का?" ही विचारायची वेळ आहे का गं. गुणगुणतो. मी गप्प करते.

आज दुपारी आमच्या चाळीत आले. तळमजला आणि पहिला मजला झाला. आपला दुसरा. मी दारात तांदूळ निवडत बसले. एक शिपाई जिन्यापर्यंत आला आणि खालून शिट्टी झाली तसा उतरला. उरलेलं परवा, असं हेरंबाला सांगून गेले. उद्या नाटक आहे म्हणून सवलत.

तांदळातले खडे ताटातच राहिले होते आणि तांदूळ मी फेकून दिले होते. संध्याकाळी कळलं.

म्हणजे उद्या नाहीतर नाहीच.

सुमती


रविवार, २२ एप्रिल, सकाळी

कालिंदी,

गेला. गल्लीच्या बाहेर गेला एवढं मी डोळ्यांनी बघितलं. पुढचं अजून कळलं नाही. आता सगळं क्रमाने लिहिते, मधे रडू नकोस, अक्षर लागणार नाही तुला.

चौकात माणूस मावत नव्हतं. पुढे खुर्च्या मांडल्या होत्या, मधली इन्स्पेक्टरची. साताऱ्याकडचा आहे, चाळिशीचा. मला वाटलं होतं बसेल अर्धा तास आणि जाईल. कुठलं काय, त्याला नाटक तोंडपाठ. नट बोलायच्या आधी त्याचे ओठ हलत होते. त्याच्या मागच्या रांगेत मी, शेजारी अप्पा. अप्पा सणाचा कोट घालून आले होते, कोटावर त्यांचं ते चांदीचं पदक. बाबा आणि ते एकाच वर्षी गायले तेव्हाचं.

पहिला अंक बरा गेला. मनू उभा राहिला तो दुसराच कुणी दिसला. मी सोडून कुणी ओळखला नसता, मलाही कान बघून पटलं. पदं नाहीत म्हणून मागची पोरं कुरकुरत होती. अप्पा तर चिडलेच. "गाणं काढलंत नाटकातून, मग उरलं काय, हेरंबाचं लुगडं?"

मग निरोपाचा प्रवेश. हेरंब लुगड्यात बसलेला. पास्कलने व्हायोलिन मांडीवर आडवं ठेवलेलं, कारण पद नव्हतंच. मनू आला. वाकून पायांना हात लावला. दोन वाक्यं बोलायची होती, एक बोलला आणि थांबला. मला वाटलं, विसरला. मी मनात म्हटलं, नीघ आता, नीघ.

विसरला नव्हता. त्याने पद धरलं. पेटी नाही, साथ नाही, एकटा गळा. हेरंबाचं तोंड असं झालं की पदर तोंडावर घेऊन त्याने लपवलं, लोकांना वाटलं आई रडते आहे. पास्कलने धडपडत व्हायोलिन उचललं. मी पोराकडे बघत राहिले. तो कुणाकडे बघून गात होता ते मला माहीत नाही. हेरंबाकडे नव्हे एवढं खरं.

मला गाण्यातलं काही कळत नाही. पण बाबांचा आवाज कळतो. तोच होता. त्या चौकात, त्याच जागी.

आणि माझ्या भोवती बसलेल्या एकूण एक माणसाला जयवंतचा गळा माहीत आहे. मी हळूच मान वळवली. कुणी खोकलं नाही गं. शेजारणीने शेजारणीकडे बघितलं नाही. सगळ्यांना कळलं, आणि सगळ्यांना पुढे मधल्या खुर्चीवरची टोपीही दिसत होती. सगळी चाळ दगडासारखी बसली.

पद संपलं तेव्हा पहिला आवाज इन्स्पेक्टरचाच. "वन्स मोअर." आता काय करशील? पुन्हा गायला लागलं. दोनदा.

अप्पांना टोपी दिसत नाही.

दुसऱ्यांदा संपलं तसं त्यांनी माझं मनगट धरलं. कोटावरचं पदक काढून माझ्या मुठीत कोंबलं. "सुमे, चिठ्ठी लिही. बक्षीस. माझ्या दोस्ताच्या नातवाला, कालिंदीच्या मुलाला माझं पदक. नाव काय गं त्याचं, मनमोहन ना? तसं घाल."

आपली रीत तुला माहीत आहे. आवडलं की बक्षीस द्यायचं, चिठ्ठी वर जायची, आणि अंकाचा पडदा पडल्यावर सगळ्यांदेखत नावासकट वाचायची. मी हो हो म्हटलं. चिठ्ठ्यांसाठी फिरणाऱ्या वहीचा कागद फाडला आणि लिहिलं, "अप्पांकडून रौप्यपदक, जयवंत यांस." तीच चिठ्ठी पदकासकट वर दिली. त्यांना थोपवलं असतं तर ते तिथेच मोठ्याने बोलले असते. दुसरं सुचलं नाही.

हेरंबाने लुगड्यातच पुढे येऊन वाचली. टाळ्या झाल्या. आणि अप्पा उठून उभे राहिले.

"थांबा. नाव चुकलं."

इन्स्पेक्टरने मान वळवली.

"जयवंतचा गळा मला सांगता? हा त्याचा नव्हे. हा तर..."

मी त्यांचा कोट धरून खाली ओढला. जोरात ओढला, बाही उसवली. कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "अप्पा, पुढे पोलीस बसलाय. पोरगं मरेल." ते खाली बसले. तोंड उघडंच राहिलं होतं.

"काय म्हणतायत आजोबा?" इन्स्पेक्टरने मला विचारलं.

"पदक दुसऱ्याला द्यायचं होतं म्हणे. म्हातारपण, साहेब."

तो हसला. पण पुढे वळायला त्याने वेळ लावला.

सातला गाडी निघाली. इन्स्पेक्टर स्वतः गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा. मी गॅलरीतून बघत होते. एकेक नाव पुकारत होता. जयवंत म्हटल्यावर मनू पुढे झाला, रंग तसाच तोंडावर. इन्स्पेक्टर त्याच्याशी काहीतरी बोलला. मनू काहीतरी बोलला. मग त्याने खांद्यावर थाप मारली आणि सोडला. हेरंब परत आल्यावर कळलं काय बोलणं झालं. "फार छान. कुणाकडे शिकलात?" असं त्याने विचारलं. मनू म्हणाला, "घरीच, ऐकून ऐकून."

पद का गायलास म्हणून विचारायला मला वेळच मिळाला नाही. तुला कळलं असेल तर तुझ्यापाशी ठेव.

सुमती


सोमवार, २३ एप्रिल

कालिंदी,

काल पत्र टाकून आले आणि चौकात इन्स्पेक्टर उभा. दोन शिपाई बरोबर. माळे तपासले. माझाही तपासला, पिंप हलवून बघितलं. मी म्हटलं, "पाणी सांडू नका, नळ आता संध्याकाळी येतो." माझा आवाज कुठून आला कोण जाणे.

मग खाली जाऊन त्याने जयवंतला बोलावलं.

"काल काय गायलात. आज पुन्हा ऐकू द्या. ते निरोपाचं."

जयवंत पांढरा पडला. म्हणाला, घसा बसलाय साहेब. "बसू दे, बसलेल्या घशाने गा." चाळ सगळी कठड्याला येऊन उभी. पोराने सुरुवात केली. काय सांगू तुला. शिपाईसुद्धा खाली बघायला लागले.

इन्स्पेक्टर अप्पांच्या खोलीशी गेला. त्यांना हात धरून बाहेर आणलं, स्वतः खुर्ची दिली. फार अदबीने. त्या अदबीचीच मला भीती वाटली.

"आजोबा, तुमच्या कानाचं नाव मी गिरगावभर ऐकलं आहे. काल तुम्ही म्हणालात नाव चुकलं. आज हे ऐकलंत. खरं सांगा, कालचा गळा हाच?"

अप्पा म्हणाले, "पुन्हा एकदा म्हणायला सांगा."

मला वाटलं, संपलं. आता म्हातारा खरं बोलणार. सुराच्या बाबतीत तो माणूस कधी कुणाला भ्यायला नाही. बाबांशी एका गंधारावरून सहा महिने बोलला नव्हता.

जयवंतने पुन्हा म्हटलं. पहिल्यापेक्षा वाईट. अप्पा मांडीवर बोटांनी ठेका धरून ऐकत होते. मान डोलवत होते. संपल्यावर म्हणाले, "वाहवा. हाच, साहेब. अगदी हाच."

"मग काल चूक का म्हणालात?"

"डोळे आधी गेले, आता कान चाललेत. मला वाटलं माझा मेलेला दोस्त गातोय."

वर तीन मजले माणसं होती. एकही जण हसला नाही. इन्स्पेक्टर त्यांच्याकडे बघत राहिला. त्याला पटलं की नाही देव जाणे. टोपी घातली आणि गेला. पहारा मात्र उठवला नाही.

उत्तनहून काही निरोप नाही. पास्कल म्हणतो वारा पडला असेल. मला वारा कळत नाही.

सुमती


रविवार, ६ मे

कालिंदीस सुमतीचे अनेक आशीर्वाद. या वेळी आधीच लिहिले.

पोचला. पास्कलचा मेव्हणा काल सुके बोंबील घेऊन आला, त्याने सांगितलं. काळा झालाय, जाळी ओढतो, पदक कनवटीला बांधून ठेवतो. परत पाठवू का म्हणून मनूने विचारलं होतं. मी अप्पांना विचारलं. "त्याचंच आहे," म्हणाले. आणि मग हळूच, "दुसऱ्यांदा गायला तेव्हा अंतऱ्यात घाबरला. तुझा बापही तिथेच घाबरायचा." एवढंच. त्या दिवसाबद्दल दुसरा शब्द नाही.

पण एक वाईट झालं आहे. शिपायांनी गोष्ट बाहेर नेली. अप्पांचे कान गेले, जयवंतला वाहवा म्हणाले, हे गिरगावभर झालं. ठाकुरद्वारच्या भजनी मंडळाने पेटी लावायला दुसरा माणूस बघितला. तंबोरे घेऊन पोरं येत नाहीत. चाळीत सगळ्यांना खरं माहीत आहे आणि कुणी बोलायचं नाही, पहारा आहे तोवर तर नाहीच. ते दिवसभर दाराशी बसतात. परवा नळावर कळशी वाजली, मी मुद्दाम विचारलं, "कुणाची हो अप्पा?" तर म्हणाले, "मला काय कळतंय आता." माझ्याच तोंडावर. मी घरात येऊन भांडी घासली, घासलेलीच पुन्हा घासली.

पहारा या महिन्यात उठेल असं हेरंब म्हणतो. उठला की विल्माकडून कळवते. मग तू ये. यजमानांना काय सांगायचं ते तू बघ, मी त्यात पडत नाही. रडारड नको, माझ्या पाया पडणं नको, बाबांचा विषय नको. सरळ अप्पांच्या खोलीत जा. कडी लाव. नाव सांगू नकोस. लग्नानंतर तू चारचौघांत गाणं सोडलंस हे मला माहीत आहे, तरी ते पद म्हण. सगळं आठवत नसेल तर पहिली ओळ म्हण. हळू, बाहेर ऐकू जाऊ देऊ नकोस.

ते ओळखतील. तुझं नाव घेतील. तेव्हा तू त्यांना एवढंच म्हण, "बरोबर, अप्पा."

सुमती